ठकीला मारलेली हाक

ठकी आमच्या घरी आली ती मामाच्या घोंगड्यातून. मामा सांगोल्याकडचा. त्या साली तिकडे पाऊस नव्हता, आणि मामा आपली शेरडं घेऊन सोलापूरच्या बाजाराला आला होता. बाकीची विकली गेली, एक राहिलं. आई मेलेलं चार दिवसांचं पिल्लू ते, कोण घेणार? मामाने ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "सुंद्रे, जगलं तर तुजं. मेलं तर रडत बसायचं न्हाय." ते जगलं. आईने जुन्या लुगड्याची चिंधी वळून दिली. मागच्या बोळात हातमागावर बसणाऱ्या नरसम्माची शेळी नुकतीच व्याली होती, ती रोज वाटीभर दूध द्यायची. चिंधी त्या दुधात बुडवून मी पिल्लाच्या तोंडात धरायची आणि ते माझ्या बोटांसकट चोखायचं. त्याच्या खरखरीत जिभेची ती ओढ माझ्या बोटांना अजून आठवते, आणि आठवली की मी हात पदराला पुसते. का पुसते ते घरात कुणाला ठाऊक नाही.

आम्ही गिरणीच्या चाळीत राहायचो. दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीला लागून जातं. आबा गिरणीत साच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर, मुकादम होते. आयुष्यभर साच्यांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेल्यात जमा होते, त्यामुळे घरात साधं बोलणंसुद्धा भांडल्यासारखं मोठ्याने चालायचं. आई मात्र हळूच बोलायची आणि आबांना तिचं बरोबर कळायचं, ते कसं हे कोडं मला कधी सुटलं नाही. पहाटेच्या भोंग्याला आई उठायची, भाकऱ्या थापल्याचा आवाज यायचा, मग उखळात शेंगा कुटल्याचा. लसूण-तिखटाचा तो वास नाकात गेला की मी उठायची. माझ्या आधी ठकी उठलेली असायची. ती जात्यावर चढून बसायची आणि तिथून सगळ्या चाळीवर नजर ठेवायची.

ती वाढली चाळीतल्या काळ्या नावाच्या कुत्र्याबरोबर. कुत्रं काय आणि शेळी काय, हा फरक तिला कुणी सांगितलाच नव्हता. जर्मलच्या एका तसराळ्यात आई उरलंसुरलं ताक-भाकरी घालायची आणि दोघं डोक्याला डोकं लावून खायची. आणखी एक म्हणजे ती दूध प्यायची. मोठी झालेली शेरडं दुधाला तोंड लावत नाहीत, पण हिची लहानपणची सवय सुटली नाही. आणि मी हाक मारली की ती यायची. "ठके, ये ये ये," एवढं म्हटलं की तोंडातला पाला टाकून ती धावत यायची आणि माझ्या पोटात डोकं घुसवायची. चाळीतली माणसं मुद्दाम मला हाक मारायला सांगायची. मला त्याचा फार ताठा होता.

त्या हिवाळ्यात सर्कस आली. रेल्वेच्या रुळांपलीकडच्या माळावर तंबू ठोकला गेला आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या चाळीत भोंग्याबरोबर वाघाची डरकाळी ऐकू येऊ लागली. पहिले दोन दिवस गावातल्या म्हशींनी पान्हा चोरला, अशी बायकांची तक्रार होती. ढोलताशा लावून गाडी फिरली, तांबडे-पिवळे कागद वाटले गेले. त्या कागदावर वाघीण आणि शेळी समोरासमोर उभ्या होत्या, मध्ये परात होती, आणि खाली लिहिलं होतं की वाघीण आणि शेळी एका ताटात जेवतात. शाळेत दुसरं काही कुणी बोलत नव्हतं.

पाच-सहा दिवसांनी, दुपारी, एक उंच माणूस आमच्या पडवीपुढे थांबला. गळ्यात माळ, डोक्याला फेटा, एका भुवईवरून कानापर्यंत गेलेला जुना व्रण. तो काळ्या आणि ठकी खात होती तिकडे पाहत राहिला. मग आईला म्हणाला, "अक्का, ही शेरडी कुत्र्याला भीत न्हाय व्हय?"

"लहानपणापासनं संगट हाय," आई म्हणाली.

"दूध पिती का?"

आई पाठ फिरवून आत निघाली. उत्तर मी दिलं. "पिती की. वाटीनं पिती."

हा सर्कशीतला वाघिणीचा मास्तर. गणपत मास्तर म्हणत त्याला, मिरजेकडचा. त्यांची शेळी पोट फुगून मेली होती. संध्याकाळी आबा घरी आल्यावर तो पुन्हा आला आणि पडवीत बसून त्याने आबांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. सर्कस इथं असेपर्यंत शेळी द्यावी, जाताना जशीच्या तशी परत आणून देतो, घरच्यांना रोज पास. आई आतून म्हणाली, "अवो, मुकं जनावर हाय. कुत्र्यासंगं जेवली म्हंजी वाघासंगं जेवंल व्हय? न्हाय म्हना त्यास्नी."

आबा म्हणाले, "शेरडी माजी न्हाय. पोरीची हाय. तिला इचारा."

आजही मला वाटतं, आबांनी त्या दिवशी मला विचारायला नको होतं. मग वाटतं, अकरा-बारा वर्षांची पोर काही अगदीच लहान नसते. आईचा जीव का खालीवर होतोय ते मला पुरतं कळत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे तो तांबडा-पिवळा कागद होता. माझ्या वर्गात शकुंतला नावाची मुलगी होती, कचेरीतल्या कारकुनाची. ती माझ्या बोलण्याला हसायची, "न्हाय" म्हटलं की "नाही म्हण" म्हणायची. शकुंतला बाकावर बसलीय आणि आत रिंगणात माझी ठकी उभी आहे, हे चित्र मला दिसलं. मी मास्तरला म्हणाले, "न्या."

आई त्या रात्री जेवली नाही. मी जेवले.

मास्तरने शेळी नेली आणि मला म्हणाला, "शाळा सुटली की येत जा. तुज्याबिगर ती खायची न्हाय सुरवातीला." मी रोज जायची, ओच्यात बाभळीच्या शेंगा घेऊन. वाघिणीचं नाव चंपा. तिच्या पिंजऱ्याशेजारी ठकीला बांधलं होतं, मध्ये गोणपाटाचा पडदा. पहिल्या दिवशी ठकीचे चारही पाय सारखे थरथरत होते, उभ्या जागी, थंडी वाजल्यासारखे. तिने माझ्या शेंगांना तोंड लावलं नाही. मी मास्तरला म्हणाले, "ती भ्यालीय."

"भिणारच की. मीबी भ्यालो हुतो पैल्यांदा," तो म्हणाला. "चार दिस जाऊ दे."

चार दिवसांनी पडदा अर्धा वर गेला, आठ दिवसांनी निघाला. पाय थरथरायचे थांबले. पण ठकी आता जात्यावर चढणारी ठकी राहिली नव्हती. कान पडलेले, डोळे अर्धवट मिटलेले. तिच्या अंगाला वाघिणीच्या मुताचा उग्र वास यायचा. तिच्या भुशात काही घालत होते का, मला माहीत नाही. एका संध्याकाळी मी दुरूनच हाक मारली, "ठके, ये ये ये." तिने मान वळवली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. मास्तरने जीभ टाळ्याला लावून टक् केलं, तशी ती उठून त्याच्याकडे गेली. मला ते झोंबलं. जनावर सुकत चाललंय याचं वाईट वाटायला हवं होतं, पण वाईट वाटलं ते याचं, की ते आता माझं ऐकत नाही.

मास्तर वाईट माणूस नव्हता, हे मला लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढे गावाने त्याला वाईट ठरवलं. चंपाच्या पंजात काटा रुतला तेव्हा पिंजऱ्यात मांडी घालून बसून त्याने तो काढलेला मी पाहिला होता. त्याच वेळी तिच्या नाकावरचे पांढरे वळसुद्धा पाहिले होते. ते कशाचे, विचारलं तर म्हणाला, "शिकताना बसत्यात." दोन्ही गोष्टी त्याच हातांच्या होत्या. पहिल्या खेळाच्या आदल्या दिवशी त्याने मला समोर बसवलं आणि म्हणाला, "पोरी, नीट ऐक. आत असताना शेरडीचं ध्यान परातीवर पायजे आन् चंपाचं माज्यावर. चंपाचं पोट भरल्यालं असतंय, ती काय करायची न्हाय. पर तिच्यापुढनं कुनी पळालं, तर वाघ त्यो वाघच. म्हनून घरच्या मान्सानं हाक मारायची न्हाय. आवाजच करायचा न्हाय. कळलं?"

"कळलं," मी म्हणाले.

पहिले चार खेळ सुरळीत झाले. ते मी पाहिले नाहीत, ते रात्रीचे होते आणि अंधार पडल्यावर आई पाठवत नसे. पाचवा रविवारी दुपारचा होता. गिरणीला सुट्टी होती, आबांनी नवा फेटा बांधला. आईला मी चल म्हटलं. ती धपाटे थापत होती, मान वर न करता म्हणाली, "मला न्हाय बघायचं." मास्तरने दिलेल्या पासावर मी शकुंतलेला बोलावलं होतं. अगदी पुढच्या बाकावर आम्ही बसलो, एका बाजूला आबा, एका बाजूला ती.

घोडे झाले, झुल्यावरच्या मुली झाल्या. मग रिंगणाभोवती लोखंडी गजांचं कुंपण उभं राहिलं, बँड थांबला, आणि मास्तर चंपाला घेऊन आत आला. हातात फक्त वेताची छडी. मागून ठकी आली. तिच्या गळ्यात कागदी फुलांची माळ होती. मध्ये पितळी परात ठेवली, परातीत दूध. दोघींनी दोन बाजूंनी तोंडं घातली. तंबूत हजार माणसं असतील, पण दूध लपलपल्याचा आवाज ऐकू येत होता.

मी शकुंतलेच्या कानात म्हणाले, "ती माजी ठकी."

"कशावरून?" ती म्हणाली. "शेळ्या सगळ्या सारख्याच असतात. तुझी असती तर तुझ्याकडे बघितलं नसतं का?"

एवढंच ती बोलली. तिने मला हाक मार म्हणून सांगितलं नाही. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले की तिने सांगितलं, चिथावलं. तसं नाही. मला मास्तरचे शब्द आठवत होते, एकही शब्द विसरले नव्हते. मला वाटलं, हळूच मारावी, ती नुसती मान वर करील, शकुंतलेला दिसेल, आणि पुन्हा दूध पिऊ लागेल.

मी म्हणाले, "ठके, ये ये ये."

त्या शांततेत ती हाक पुरेशी मोठी होती. ठकीने तोंड वर काढलं. तिच्या हनुवटीवरून दूध ठिबकत होतं. तिचे कान उभे राहिले, कितीतरी दिवसांनी, आणि ती परात सोडून माझ्याकडे धावली. सरळ गजांपर्यंत आली आणि दोन गजांच्या मध्ये तिने डोकं घुसवलं, जसं माझ्या पोटात घुसवायची.

पुढचं फार वेळ चाललं नाही. चंपा उठली हे मी पाहिलं. मास्तर मध्ये पडला, त्याने छडी टाकून आपला डावा हात तिच्या तोंडापुढे धरला, हेही पाहिलं. मग माणसं उठली, बाकं आडवी झाली, आणि मालकाने इशारा केला असावा, बँड एकदम जोरात वाजायला लागला. आबांनी मला उचलून खांद्यावर घेतलं. त्यांच्या खांद्यावरून मागे बघत असताना मला दिसलं की ठकीचं डोकं अजून गजांच्या बाहेर आहे, आणि बाकीची ठकी हलत नाही.

आबांना हाक ऐकू गेली नव्हती. त्यांना बँडसुद्धा धड ऐकू आला नसेल. शकुंतलेला ऐकू गेली होती. ती दुसऱ्या दिवशी शाळेत आली, माझ्यापासून दोन ओळी मागे बसली, आणि त्यानंतर आम्ही एकमेकींशी कधी बोललो नाही. तिने कुणाला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे मी तिला विचारायला हवं होतं.

गावात मात्र बोलणं सुरू झालं. मास्तर पिऊन रिंगणात गेला होता, असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. गळ्यात माळ असलेला तो माणूस दारूच्या वाऱ्याला उभा राहत नसे, हे मला माहीत होतं, कारण पंधरा संध्याकाळी मी त्याच्या शेजारी बसले होते. चंपाचं अन्न तीन दिवस बंद ठेवलंय, असं ऐकलं. आमच्या चाळीपर्यंत तिची डरकाळी यायची ती आता वेगळी यायची, लांबलेली. आई जात्यापाशी बसून ती ऐकायची आणि म्हणायची, "तिचा तरी काय गुन्हा."

मी पुढे मास्तरीण झाले, मोडनिंबला, मग सोलापुरातच. सर्कस आली की इतर बाई आपापले वर्ग घेऊन जायच्या. मी नेला नाही. कधी परीक्षा जवळ आल्याचं सांगितलं, कधी पोरांना सर्दी होईल म्हणाले. अलीकडे माझी एक जुनी विद्यार्थिनी आली होती, जनावरांची डॉक्टर झालीय. सर्कशीत जनावरं ठेवायला बंदी असावी म्हणून तिने आणि तिच्या सोबत्यांनी सभा घेतली होती, मला बोलायला नेलं. मी बोलले. त्या गोणपाटाच्या पडद्याबद्दल बोलले, थरथरणाऱ्या पायांबद्दल, नाकावरच्या वळांबद्दल. बंदी आलीच पाहिजे, असं म्हणाले, आणि ते मला मनापासून वाटतं. एका तरुण मुलाने उठून विचारलं, मग त्या जनावरांबरोबर जगणाऱ्या माणसांनी काय करायचं? माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस उभा राहिला, आणि मी खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हाकेबद्दल मी त्या सभेत एक अक्षर काढलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

त्या रविवारच्या खेळानंतर चौथ्या दिवशी सकाळी सर्कशीचा मालक आमच्याकडे आला, आणि त्याच्याबरोबर मास्तर. मास्तरचा डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत बांधून गळ्यात अडकवलेला होता. मालक पडवीत उभ्यानेच बोलला. बोलणं शुद्ध आणि कोरडं. "मुकादम, हा म्हणतो की बाकांमधून कुणीतरी शेळीला हाक मारली. मारली असेल तर चूक याची नाही, याला मी ठेवतो. नसेल मारली तर याने जनावर सांभाळलं नाही, आणि असला माणूस मला नको. तुम्ही पुढेच बसला होतात."

आबांनी दोनदा विचारून ते समजून घेतलं. मग म्हणाले, "मला कानानं कमी हाय. पोरगी हुती शेजारी." आणि माझ्याकडे वळले. "सुंद्रे, तू मारलीस हाक?"

आई दारात उभी होती. तिच्या हाताला पीठ होतं. चौघांकडेही मी पाहिलं नाही, मी काळ्याकडे पाहत होते. तो तसराळ्यापाशी बसला होता, तसराळं रिकामं होतं.

"न्हाय," मी म्हणाले.

"दुसऱ्या कुनी मारल्याली ऐकलीस?"

"न्हाय."

मालकाने मास्तरकडे पाहिलं. मास्तर माझ्याकडे पाहत होता. पंधरा दिवस त्याने माझी ती हाक रोज ऐकली होती. "ये" तीनदा म्हणायची माझी पद्धत, शेवटचा "ये" वर न्यायची, हे सगळं त्याला पाठ झालं असणार. मला वाटलं, आता तो सांगणार. मी वाट पाहत होते. खरं सांगायचं तर त्याने सांगावं असंही मला कुठंतरी वाटत होतं.

तो म्हणाला, "मग माजाच कान वाजला आसंल."

मालक निघून गेला. मास्तर मागे राहिला. आबांनी त्याला बसायला पाट दिला, तो बसला नाही. माझ्यापुढे येऊन त्याने एक गुडघा टेकला, एका हातावर तोल सांभाळताना त्याला त्रास झाला. त्याच्या अंगाला औषधाचा वास येत होता. तो म्हणाला, "पोरी, जशीच्या तशी परत देतो म्हनालो हुतो. मला न्हाय जमलं. तू मला माफ कर."

"अवो मास्तर," आबा म्हणाले, "ल्हान पोरीची कसली माफी मागताय? उठा."

"शब्द तिला दिला हुता, मुकादम," तो म्हणाला आणि तसाच थांबला.

त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. त्याला ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. ठाऊक असेल, तर तो मला एक संधी देत होता. नसेल, तर तो खरोखरच माफी मागत होता. दोन्ही वेळी मला एकच गोष्ट करायची होती आणि ती फार सोपी होती. ओठ उघडलेसुद्धा होते.

"केलं माफ," मी म्हणाले.

त्याने उजवा हात कपाळाला लावला, भिंतीला धरून उठला आणि रुळांच्या दिशेने चालू लागला. चाळीतली माणसं दारात येऊन त्याला जाताना पाहत होती. सर्कस दोन दिवसांनी हलली, तेव्हा तो बरोबर नव्हता, एवढंच पुढे कळलं.

आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तिच्या बोटांचं पीठ माझ्या केसांना लागलं. "मोट्या मनाची हाय माजी पोर," ती आबांना म्हणाली, नेहमीच्या हळू आवाजात, आणि आबांनी मान डोलावली. त्या दुपारी तिने मला सगळ्यांच्या आधी जेवायला बसवलं. गरम भाकरी मोडून तिच्यावर तूप सोडलं, सणासुदीलाच निघायचं ते, आणि बाजूला गुळाचा खडा ठेवला. मी खाली मान घालून बसले आणि ते सगळं खाल्लं.